सेटिंग्ज उघडताच बंद पडतं? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

विंडोजच्या कॉम्प्युटरवर सेटिंग्ज उघडायला जावं तर खिडकी क्षणभर दिसते आणि मिटते. कधी ती नुसतं दातेरी चक्र दाखवत बसते, तर कधी सगळं नीट चालतं आणि एका विशिष्ट पानावर गेलं की धाडकन बंद. उपाय शोधायला गेलं की पहिलंच वाक्य समोर येतं, "सेटिंग्जमध्ये जा, मग ॲप्सवर क्लिक करा." अहो, तेच तर उघडत नाहीये! कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं तर उत्तर ठरलेलं असतं, "फॉरमॅट मारावा लागेल."

फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. त्याच्याआधी बरंच काही घरबसल्या करता येतं आणि त्यातलं बहुतेक सगळं सेटिंग्ज न उघडता होतं. हा लेख विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्या, पण टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) वगैरे कधी उघडलेलं नसलेल्या वाचकांसाठी आहे.

टाइप करायच्या आज्ञा मी इथे देवनागरीत, फोनवर नातेवाइकांना सांगतो तशा, एकेक अक्षर सुटं करून लिहिल्या आहेत. तुम्ही त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. अक्षरांमधल्या छोट्या रेघा आणि स्वल्पविराम टाइप करायचे नाहीत, हायफन म्हटलंय तिथेच हायफन. कॅपिटल की स्मॉल यानं काही बिघडत नाही, पण जिथे स्पेस म्हटलंय तिथे स्पेस हवीच. मराठी कीबोर्ड चालू असेल तर आधी विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबा आणि इंग्रजीवर या. तुमचं विंडोज मराठीत दिसत असेल तर बटणांची नावं वेगळी असतील, जागा मात्र त्याच.

आधी दोष कुणाचा ते समजून घ्या

सेटिंग्ज हे विंडोजमधलं एक ॲपच आहे. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आलं तेव्हापासून जुन्या कंट्रोल पॅनेलचं काम हळूहळू त्याच्याकडे सरकत गेलं. टास्क मॅनेजरच्या तपशिलात ते 'सिस्टिमसेटिंग्ज' या नावानं दिसतं. त्याच्याकडे स्वतःची माहिती फारशी नसते. ब्लूटूथचं पान उघडलं की ते ब्लूटूथच्या ड्रायव्हरला (ते यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) विचारतं, आवाजाचं पान उघडलं की साउंडच्या यंत्रणेला, प्रिंटरचं उघडलं की प्रिंट स्पूलरला (छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या सेवेला). सेतू केंद्राच्या खिडकीचं जसं असतं तसंच हे. दाखला अडकलेला असतो आतल्या कुठल्यातरी टेबलावर आणि आपण वैतागतो खिडकीतल्या माणसावर.

म्हणून उपाय करत सुटण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं काढायची. संपूर्ण ॲप पडतंय की एकच पान? सगळ्यांच्या लॉगिनमध्ये पडतंय की फक्त तुमच्या? आणि पडायला लागलं त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं होतं? ही उत्तरं हातात असली की पुढचे निम्मे उपाय करायची गरजच राहत नाही.

तोवर काम अडायला नको

आत्ताच्या आत्ता वायफाय जोडायचं असेल किंवा आवाजाचं काही बदलायचं असेल तर सगळी दुरुस्ती होईपर्यंत थांबायचं कारण नाही. विंडोजचं बटण आणि ए दाबलं की वायफाय, ब्लूटूथ, आवाज वगैरेची छोटी पाटी उघडते. प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर जोडायला विंडोज आणि पी.

बाकीच्या कामांसाठी जुने दरवाजे अजून उघडे आहेत. विंडोज आणि आर दाबा. 'रन' नावाची छोटी चौकट येते, तिच्यात आज्ञा टाइप करून एंटर मारायचं. नेटवर्क कार्डांसाठी एन-सी-पी-ए, टिंब, सी-पी-एल. स्पीकर-माइकसाठी एम-एम-एस-वाय-एस, टिंब, सी-पी-एल. प्रोग्रॅम काढून टाकायचा असेल तर ए-पी-पी-डब्ल्यू-आय-झेड, टिंब, सी-पी-एल. तारीख-वेळेसाठी टाइमडेट एका शब्दात लिहून पुढे टिंब, सी-पी-एल. या खिडक्या दिसायला जुनाट आहेत, पण सेटिंग्ज कोसळलं तरी त्या आपल्या जागी उभ्या असतात.

रनमध्ये नुसतं 'कंट्रोल' टाइप करून पूर्ण कंट्रोल पॅनेलही उघडून बघा. यात एक चाचणी दडलेली आहे. ऑफिसच्या, बँकेच्या किंवा कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर सिस्टिम सांभाळणाऱ्यानं मुद्दाम बंदी घातलेली असू शकते आणि ती वरवर क्रॅशसारखीच दिसते. त्या बंदीत कंट्रोल पॅनेलही अडवलं जातं. म्हणजे सेटिंग्ज आणि कंट्रोल पॅनेल दोन्ही उघडत नसतील, 'निर्बंध आहेत' अशा अर्थाचा संदेश येत असेल, तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता त्या माणसाला गाठा. घरच्या कॉम्प्युटरवर असा संदेश आला तर मात्र व्हायरसची शंका घ्या आणि आधी संपूर्ण स्कॅन करा.

पायरी १: खरं रीस्टार्ट

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. यादीत सेटिंग्ज शोधा, त्यावर राइट क्लिक करून 'एंड टास्क' करा. सेटिंग्जची खिडकी आपण बंद केली तरी ते बऱ्याचदा मागे झोपलेल्या अवस्थेत राहतं. अर्धवट अडकलेलं तेच झोपलेलं ॲप पुन्हा जागं होऊ पाहतं आणि पुन्हा पडतं. त्याला पूर्ण बंद करून विंडोज आणि आय दाबून उघडा.

तरी नाही झालं तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. इथे 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं चालत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनच्या वेळी विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हरांची अवस्था डिस्कवर साठवून ठेवतं आणि सकाळी तीच परत आणतं. बिघाडासकट. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. "मी रोज रात्री बंद करतो की" असं म्हणणाऱ्या अनेकांच्या कॉम्प्युटरनं महिनोन्महिने खरी नवी सुरुवात पाहिलेली नसते.

पायरी २: कुठलं पान पडतंय?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक लोक हीच गाळतात.

सेटिंग्जच्या प्रत्येक पानाला एक थेट पत्ता आहे. रनची चौकट उघडा आणि टाइप करा: एम-एस, हायफन, सेटिंग्ज, कोलन, आणि लगेच पानाचं नाव. मध्ये कुठेही स्पेस नाही. सेटिंग्जचं स्पेलिंग अनेकवचनी, शेवटी एस असलेलं. पानांची नावं सोपी आहेत: डिस्प्ले, साउंड, ब्लूटूथ, प्रिंटर्स, अबाउट, आणि विंडोज अपडेटसाठी ते दोन शब्द जोडून. एकेक उघडून बघा आणि कुठलं चालतं, कुठलं पडतं ते कागदावर लिहा.

सगळीच पानं पडत असतील तर दोष ॲपमध्ये, तुमच्या खात्यात किंवा विंडोजच्या फायलींमध्ये आहे. पायरी ३ वाचून पुढे ४ वर जा.

बाकी सगळी चालतात आणि फक्त मुख्य पान पडतं, असं विंडोज ११ वर होऊ शकतं. २०२३ मध्ये तिथे 'होम' नावाचं पान आलं. मायक्रोसॉफ्ट खातं, वनड्राइव्हमधली जागा वगैरे कार्डं ते दाखवतं आणि त्यासाठी इंटरनेटवरून माहिती आणतं. वायफाय बंद करून किंवा केबल काढून सेटिंग्ज उघडा. तेव्हा उघडलं तर मामला त्या कार्डांचा आहे. दुरुस्ती होईपर्यंत थेट पत्त्यांनी काम चालवा.

एकच पान पडत असेल तर त्या पानामागचं यंत्र शोधायचं. विंडोज आणि एक्स दाबून आलेल्या यादीतून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. ब्लूटूथचं पान पडतंय तर ब्लूटूथचा अडॅप्टर, डिस्प्लेचं पडतंय तर ग्राफिक्स कार्ड. त्यावर डबल क्लिक करून 'ड्रायव्हर' या टॅबवर जा. 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण दाबता येत असेल तर ड्रायव्हर नुकताच बदललेला आहे. बिनधास्त मागे जा. बटण फिकट असेल तर कॉम्प्युटर किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून टाका. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करतो' असं सांगणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांच्या नादी मी तरी कुणाला लागू देत नाही.

प्रिंटरच्या पानासाठी सोपी चाचणी आहे. रनमध्ये सर्व्हिसेस, टिंब, एम-एस-सी टाइप करा. लांबलचक यादीत 'प्रिंट स्पूलर' शोधून राइट क्लिक, 'स्टॉप'. आता प्रिंटर्सचं पान उघडा. रिकामं का होईना, पण न पडता उघडलं तर कुठल्यातरी प्रिंटरचा ड्रायव्हर गुन्हेगार आहे. कधीच विकून टाकलेल्या प्रिंटरचे ड्रायव्हरही तिथे ठाण मांडून असतात. स्पूलर पुन्हा 'स्टार्ट' करायला विसरू नका, नाहीतर उद्या प्रिंट निघत नाही म्हणून नवी शोधाशोध सुरू व्हायची.

डीटीपीचं काम करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. पर्सनलायझेशनमधलं फॉन्ट्सचं पान प्रत्येक फॉन्टचा नमुना दाखवतं. वर्षानुवर्षं पेनड्राइव्हवरून जमवलेले शेकडो मराठी फॉन्ट असतील आणि त्यातली एखादी फाइल मोडकी असेल तर ते पान तिथेच अडकू शकतं. विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्स फोल्डर थेट उघडा, बाहेरून टाकलेल्या फॉन्टांची प्रत दुसरीकडे ठेवा, मग ते टप्प्याटप्प्यानं काढून बघा. निम्मे काढा, पान उघडतंय का पाहा, मग उरलेल्यातले निम्मे. मोडका फॉन्ट लवकर सापडतो.

पायरी ३: विंडोजनं स्वतः काय लिहून ठेवलंय

कुठलंही ॲप पडलं की विंडोज त्याची नोंद करतं. ती वाचायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे रिलायबिलिटी मॉनिटर. ही खिडकी फारशी कुणाला माहीत नसते याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. रनमध्ये टाइप करा: पी-ई-आर-एफ-एम-ओ-एन, स्पेस, स्लॅश, आर-ई-एल. स्लॅश म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरपी रेघ. थोडा वेळ लागतो, मग तारखांचा एक आलेख दिसतो. लाल फुलीवर क्लिक केलं की त्या दिवशी काय काय पडलं ते खाली दिसतं.

इथे दोन गोष्टी बघायच्या. पहिली, सेटिंग्जची फुली पहिल्यांदा कधी आली आणि त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी कुठलं अपडेट, कुठला ड्रायव्हर, कुठला प्रोग्रॅम बसला. तेही याच आलेखात निळ्या चिन्हांनी नोंदलेलं असतं. सुरुवातीच्या तिसऱ्या प्रश्नाचं (आदल्या दिवशी काय बदललं होतं) उत्तर अनेकदा इथेच मिळून जातं.

दुसरी, नोंदीवर डबल क्लिक करून तांत्रिक तपशील. त्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल' किंवा 'फॉल्ट मॉड्यूल' म्हणून एका फाइलचं नाव असतं. ते ग्राफिक्स कार्डाच्या, साउंडच्या किंवा एखाद्या अँटिव्हायरसच्या फाइलचं असेल तर धागा सापडला. पण एन-टी-डी-एल-एल किंवा कर्नलबेस अशी नावं असतील तर लगेच निष्कर्ष काढू नका. त्या विंडोजच्या मूळ फायली आहेत, जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम त्यांच्यातून जातो. पडझड त्यांच्या अंगणात होते, धक्का दुसऱ्यानं दिलेला असतो.

'एक्सेप्शन कोड'ही लिहून ठेवा. शून्य-एक्स-सी, पुढे सहा शून्यं आणि ५, असा कोड असेल तर ॲपनं मेमरीतल्या नको त्या जागी हात घातला. शेवटी २७बी असलेला कोड विंडोजच्या आधुनिक ॲप्समध्ये दिसतो. त्यातून एवढंच कळतं की आत काहीतरी चुकलं आणि ते कुणी सावरलं नाही. त्यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही, पुढच्या पायरीवर जा.

नोंदीत एखाद्या डी-एल-एल फाइलचं (प्रोग्रॅमांना लागणाऱ्या सामायिक भागाचं) नाव दिसलं म्हणून ती फाइल इंटरनेटवरून उतरवून विंडोजच्या फोल्डरमध्ये टाकायची नाही. अशा फायली फुकट देणाऱ्या साइट पुष्कळ आहेत आणि त्यातून काय घरात येतं त्याची खात्री कुणी देत नाही. रजिस्ट्री (विंडोजची अंतर्गत नोंदवही) साफ करणारे प्रोग्रॅमही नकोत. आणि शोधताना सापडलेल्या 'हेल्पलाइन'वर फोन करून, समोरच्यानं सांगितलं म्हणून दुरून कॉम्प्युटर हाताळायचं ॲप तर मुळीच टाकायचं नाही. असं काही होऊन पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा.

पायरी ४: दुसऱ्या खात्यातून बघा

घरात दुसऱ्या कुणाचं लॉगिन असेल तर त्यातून सेटिंग्ज उघडून बघा. नसेल तर तात्पुरतं खातं बनवावं लागेल. नेहमीचा रस्ता सेटिंग्जमधूनच जातो, म्हणून आपण मागच्या दारानं जाऊ. विंडोज आणि एक्स दाबून 'टर्मिनल (ॲडमिन)' निवडा, विंडोज १० वर तिथे 'पॉवरशेल (ॲडमिन)' दिसेल. काळ्या किंवा निळ्या खिडकीत टाइप करा: नेट, स्पेस, युजर, स्पेस, खात्याचं नाव (उदाहरणार्थ 'तपास', अर्थात इंग्रजी अक्षरांत), स्पेस, स्लॅश, ए-डी-डी. एंटर. मग साइन आउट करून त्या नव्या खात्यातून आत या. पासवर्ड नाही, पहिल्यांदा जरा वेळ लागतो.

नव्या खात्यातही सेटिंग्ज पडतंय तर विंडोजच्याच फायली बिघडल्या आहेत. पायरी ६ वर उडी मारा. नव्या खात्यात झकास चालतंय तर विंडोज ठीक आहे, बिघाड तुमच्या खात्यापुरता आहे. आपल्या खात्यात परत येऊन पायरी ५ करा.

पायरी ५: ॲप रिसेट करणं

स्टार्ट उघडून सेटिंग्ज असं टाइप करा. निकालात जे चिन्ह दिसेल त्यावर राइट क्लिक करून 'ॲप सेटिंग्ज' निवडा. हेसुद्धा सेटिंग्जचंच एक पान आहे, पण मुख्य पान पडत असलं तरी हे कधी कधी उघडतं. उघडलं तर खाली 'टर्मिनेट', 'रिपेअर', 'रिसेट' ही बटणं दिसतील. त्याच क्रमानं वापरा. रिसेट शब्दाला घाबरू नका, तुमचे फोटो, कागदपत्रं, प्रोग्रॅम यांना त्याचा हात लागत नाही.

ते पानही उघडत नसेल तर विंडोज ११ वर टर्मिनलमधून तेच करता येतं. हे तुमच्याच खात्यातून करायचं. आज्ञा अशी: गेट, हायफन, ॲपएक्सपॅकेज, स्पेस, विंडोज, टिंब, इमर्सिव्हकंट्रोलपॅनेल, स्पेस, उभी रेघ, स्पेस, रिसेट, हायफन, ॲपएक्सपॅकेज. यात 'ॲपएक्स' म्हणजे ए-पी-पी-एक्स, आणि 'ॲपएक्सपॅकेज' हा सलग एकच शब्द. 'इमर्सिव्ह', 'कंट्रोल' आणि 'पॅनेल' हे तिन्हीही जोडून. उभी रेघ एंटरजवळच्या, उलट्या स्लॅशच्या बटणावर शिफ्ट दाबून मिळते. लाल अक्षरं न येता ओळ संपली की काम झालं. रीस्टार्ट करा.

एवढ्यानंही जुनं खातं सुधारलं नाही आणि नवं मात्र नीट चालतंय, तर माझा सल्ला जुन्या खात्याशी झुंजत बसू नका असाच आहे. नव्या खात्याला ॲडमिनचे अधिकार द्या आणि फायली तिकडे न्या. रनमध्ये एन-ई-टी-पी-एल-डब्ल्यू-आय-झेड टाइप केलं की खात्यांची जुनी खिडकी येते, अधिकार तिथून बदलता येतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स ही फोल्डरं सी ड्राइव्हमधल्या 'युजर्स'मध्ये तुमच्या नावाखाली मिळतील. ब्राउझरमधले पासवर्ड आणि टॅलीसारख्या प्रोग्रॅमचा डेटा वेगळा तपासून घ्या. जुनं खातं महिनाभर तरी काढू नका, काहीतरी राहिलेलं हटकून आठवतं.

पायरी ६: विंडोजच्या फायलींची दुरुस्ती

अपडेट चालू असताना लाइट जाणं हे आपल्याकडच्या डेस्कटॉपचं जुनं दुखणं आहे. लॅपटॉपला बॅटरी असते, डेस्कटॉपला यूपीएस नसला की फाइल अर्धवट लिहिलेली राहते. विंडोज बऱ्याचदा सावरतं, नेहमी नाही. मोडलेल्या फायली शोधायला आणि बदलायला त्यात दोन साधनं आहेत. क्रम महत्त्वाचा आहे. सुट्या भागांचा साठा आधी नीट करायचा आणि मग त्या साठ्यातून मोडके भाग बदलायचे.

टर्मिनल (ॲडमिन) उघडून पहिली आज्ञा: डी-आय-एस-एम, स्पेस, स्लॅश, ऑनलाइन, स्पेस, स्लॅश, क्लीनअप, हायफन, इमेज, स्पेस, स्लॅश, रिस्टोअरहेल्थ. शेवटचा शब्द जोडून. इंटरनेट चालू ठेवा, कारण लागणाऱ्या चांगल्या फायली विंडोज अपडेटमधून आणल्या जातात. टक्केवारी ६२.३ वर जाऊन बराच वेळ ढिम्म राहू शकते. खिडकी बंद करू नका, चहा घेऊन या.

ती संपली की दुसरी: एस-एफ-सी, स्पेस, स्लॅश, एस-सी-ए-एन-एन-ओ-डब्ल्यू. मध्ये दोन एन आहेत. शेवटी येणाऱ्या संदेशाचे मुख्य तीन प्रकार असतात. काही मोडलेलं सापडलं नाही, असं आलं तर फायली धड आहेत, पायरी ७ वर जा. सापडलं आणि दुरुस्त केलं, असं आलं तर रीस्टार्ट करून सेटिंग्ज उघडून बघा. सापडलं पण काही दुरुस्त करता आलं नाही, असं आलं तर दोन्ही आज्ञा पुन्हा एकदा चालवा.

दर वेळी नव्यानं मोडक्या फायली सापडत असतील तर सेटिंग्ज विसरा आणि तुमच्या कामाच्या फायली आजच बाहेरच्या डिस्कवर काढा. हार्ड डिस्क किंवा रॅम जायला लागली असण्याची शक्यता आहे. डिस्कसाठी टर्मिनलमध्ये सी-एच-के-डी-एस-के, स्पेस, सी, कोलन, स्पेस, स्लॅश, स्कॅन. रॅमसाठी रनमध्ये एम-डी-एस-सी-एच-ई-डी टाइप करा, ते रीस्टार्ट करून तपासणी करतं.

आणखी एक कटू गोष्ट. दुकानातून टाकून आणलेलं 'हलकं', 'गेमिंग' किंवा 'लाइट' विंडोज असेल तर या आज्ञा कामी येतीलच असं नाही. कुणीतरी कात्री लावून त्यातले भाग आधीच काढून टाकलेले असतात. जे मुळात नाहीच त्याची दुरुस्ती कशी होणार? तिथे अस्सल विंडोज टाकण्यावाचून गत्यंतर नाही.

पायरी ७: बाहेरच्यांना बाजूला काढा

टास्कबार जुन्यासारखा करणारे, स्टार्ट मेन्यू बदलणारे, विंडोजमधला 'कचरा' काढणारे प्रोग्रॅम तुम्ही टाकले असतील तर पहिला संशय त्यांच्यावर घ्या. विंडोजचं मोठं अपडेट आलं की हेच आधी कोलमडतात आणि सोबत दुसऱ्यांना घेऊन पडतात. प्रोग्रॅम काढून टाकायच्या, आधी सांगितलेल्या जुन्या खिडकीतून ते काढा.

संशयित ठरत नसेल तर रनमध्ये एम-एस-कॉन्फिग (एका शब्दात). 'सर्व्हिसेस' (मागे चालणाऱ्या सेवा) या टॅबवर जाऊन आधी 'मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवा' अशा अर्थाच्या चौकटीत खूण करा, आणि मगच 'डिसेबल ऑल' दाबा. हा क्रम उलटा झाला तर विंडोजच्या स्वतःच्या सेवाही बंद पडतील. रीस्टार्ट करा. सेटिंग्ज चाललं तर त्या सेवा थोड्या थोड्या परत चालू करत गुन्हेगार गाठा. काम झाल्यावर 'जनरल'मध्ये 'नॉर्मल स्टार्टअप' निवडा.

विंडोजच्या अपडेटनंतरच बिघडलं असेल तर तेही सेटिंग्जशिवाय काढता येतं. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट धरून 'रीस्टार्ट' निवडा. निळा पडदा येईल. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स, आणि त्यात 'क्वालिटी अपडेट'. हे करण्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी की हाताशी ठेवा. नव्या विंडोज ११ कॉम्प्युटरांवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते आणि हा पडदा ती की मागतो. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करत असाल तर की सहसा त्या खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून आधीच बघून लिहून घ्या.

विंडोज १० वाल्यांसाठी: त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, पण त्यासाठीची नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरून होते. तुमचं नेमकं तेच पान पडत असेल तर दुरुस्ती लांबणीवर टाकू नका.

पायरी ८: वरच्यावर नवं विंडोज

इथवर काहीच लागू पडलं नसेल तरी अजून फॉरमॅटची वेळ आलेली नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची आयएसओ फाइल (संपूर्ण विंडोज असलेली एकच फाइल) उतरवा. ती पाच जीबीहून मोठी असते, तेव्हा मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर विसंबू नका. सी ड्राइव्हवर पंचवीसेक जीबी जागा मोकळी करा, कामाच्या फायलींची प्रत बाहेर काढा. आयएसओवर डबल क्लिक केलं की ती नव्या ड्राइव्हसारखी उघडते, तिच्यातलं 'सेटअप' चालवा. पुढे 'वैयक्तिक फायली आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय निवडायचा.

तो पर्याय फिकट दिसला तर तिथेच थांबा, पुढे जाऊ नका. बहुतेकदा कारण भाषा असते. तुमचं मूळ विंडोज अमेरिकी इंग्रजी आणि उतरवलेली फाइल आंतरराष्ट्रीय इंग्रजी, किंवा उलट. टर्मिनल (ॲडमिन)मध्ये डी-आय-एस-एम, स्पेस, स्लॅश, ऑनलाइन, स्पेस, स्लॅश, गेट, हायफन, आय-एन-टी-एल टाइप केलं की मूळ भाषा कळते. त्या भाषेची फाइल उतरवून पुन्हा सुरू करा.

पटलं नाही तर दहा दिवसांच्या आत मागे जाता येतं, जुनं विंडोज तेवढे दिवस वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं.

दुकानात न्यावंच लागलं तर

कागद सोबत न्या. कुठली पानं पडतात, दुसऱ्या खात्यात काय झालं, फॉल्टिंग मॉड्यूलचं नाव, एक्सेप्शन कोड, आणि एस-एफ-सीचा शेवटचा संदेश. एवढं हातात दिलं की समोरच्याचाही वेळ वाचतो आणि "बघतो, दोन दिवसांनी या" हे कमी होतं. फॉरमॅट करायचाच असेल तर डेस्कटॉप आणि डाउनलोड्ससकट सगळ्याचा बॅकअप कोण घेणार ते आधी बोलून घ्या, बिटलॉकरची की तुमच्याकडे असल्याचं सांगा, आणि परवान्याचं विंडोजच टाका असं स्पष्ट म्हणा. पैसे देण्याआधी तिथेच बसून तुमच्या खात्यातून लॉगिन करा आणि कागदावर लिहिलेली पडणारी पानं एकेक करून उघडून बघा.